वाङ्निश्चयाची अंगठी : धातू कोणता घ्यावा?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात वधू-वर परिचयाच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आजच्या भाषणाचा विषय आम्हांस कळविला तेव्हा प्रथम आम्हांस हसू आले. आमची अडतीस वर्षांची नोकरी प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. विद्या म्हणाल तर जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरती. सोन्याशी संबंध म्हणाल तर "आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा" हे कोष्टक वडिलांनी पाठ करून घेतले, त्याहून फारसा अधिक नाही. अशा मनुष्याने सराफी पेढीवरील विषयावर आपणांपुढे बोलावे हे प्रथमदर्शनी विपरीतच दिसते. परंतु गेल्या मार्गशीर्षात आमच्याच घरच्या एका साखरपुड्यात जे घडले ते चिटणीसांच्या कानी गेले होते, आणि "गुरुजी, तेच सांगा" असा त्यांचा आग्रह पडला. तेव्हा प्रथम तेच सांगतो.

आमच्या पुतण्याच्या कन्येचा तो साखरपुडा. मुलगी सांगलीस एका रुग्णालयात परिचारिका आहे. मुलगा पुण्यास संगणकाच्या कामावर. स्थळ ज्ञातीतलेच, दोन्ही घरे जाणती, देण्याघेण्याचा प्रश्न निघालाच नव्हता. कुंकू लावून झाले, ओटी भरून झाली, आणि मुलाने खिशातून मखमली डबी काढून मुलीच्या अनामिकेत अंगठी घातली. अंगठी पांढरी होती. मुलीची आजी, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, वय वर्षे ब्याऐंशी, पुढेच बसल्या होत्या. त्यांनी नातीचा हात डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि भरल्या मांडवात विचारले, "ही काय चांदीची आणलीया व्हय?"

वहिनींच्या मनात काही पाप नव्हते. कानांनी मंद झाल्यामुळे त्या मोठ्याने बोलतात, इतकेच. परंतु मुलाच्या आईचा चेहरा क्षणात उतरला. "आम्ही काय चांदी घालायला आलो का?" असे त्या पुटपुटल्या, ते मुलीच्या मामांनी ऐकले, मामांनी त्यास उत्तर दिले, आणि पाहता पाहता अर्धा तास असा गेला की पेढ्यांच्या पुड्यांची दोरीसुद्धा कोणी सोडली नाही. मुलगा "ती प्लॅटिनमची आहे, सोन्याइतकीच मोलाची आहे" असे सांगत होता, परंतु ज्यांस सांगावयाचे त्यांनी प्लॅटिनम हा शब्दच पूर्वी ऐकलेला नव्हता. अखेर कोणीतरी म्हणाले, "गुरुजींना विचारा."

आम्ही सदऱ्याच्या खिशात एक भिंग बाळगतो. डोळे उतरल्यापासून वर्तमानपत्रातील बारीक अक्षरांसाठी ते लागते. अंगठी काढून घेऊन आम्ही तिची आतली बाजू उजेडाकडे धरली. तेथे बारीक रोमन अक्षरांत "पीटी 950" असे कोरलेले होते. हजार भागांत साडेनऊशे भाग शुद्ध प्लॅटिनम, असा त्याचा अर्थ. आम्ही तो मोठ्याने वाचून दाखविला. पण अक्षरावर वहिनींचा विश्वास का बसावा? त्या शाळेत गेलेल्याच नाहीत. म्हणून आम्ही त्यांच्या एका तळहातावर त्यांचीच एक चांदीची अंगठी ठेवली आणि दुसऱ्यावर ही ठेवली. दोन्ही जवळजवळ सारख्याच जाडीच्या होत्या. वहिनींनी हात वरखाली केले आणि म्हणाल्या, "ही लई जड हाय की गं." चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, सोने सव्वाएकोणीस पटीहून किंचित अधिक, आणि प्लॅटिनम जवळपास साडेएकवीस पट. शास्त्र पुस्तकात राहिले असते तर मांडव निवला नसता. ते तळहातावर उतरले म्हणून निवला. पेढे वाटले गेले.

येथे थोडे विषयांतर करितो, कारण वहिनींवर त्या दिवशी पुष्कळ हसणे झाले आणि ते आम्हांस अन्यायाचे वाटते. दक्षिण अमेरिकेत, आज ज्यास कोलंबिया म्हणतात त्या प्रदेशात, स्पॅनिश लोक नद्यांच्या वाळूतून सोने धूत असत. त्या सोन्यात एक पांढुरका, न वितळणारा धातू मिसळलेला सापडे आणि तो त्यांस उपद्रव वाटे. स्पॅनिश भाषेत चांदीस "प्लाता" म्हणतात. तीवरून त्यांनी ह्या धातूस "प्लातिना", म्हणजे क्षुल्लक चांदी, असे हेटाळणीचे नाव दिले. आजचे प्लॅटिनम हे नाव त्याच हेटाळणीतून आले आहे. त्या लोकांच्या सोने पारखण्यात हयाती गेल्या होत्या, आणि त्यांचीही तीच समजूत झाली जी आमच्या वहिनींची झाली. पुढे ह्याच धातूत दहावा हिस्सा इरिडियम मिसळून 1889 साली किलोग्रॅमचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरविण्यात आले. पॅरिसजवळ ठेवलेल्या त्या एका लहानशा ठोकळ्यावरून साऱ्या जगाचे वजन मोजले जाई. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली, आणि तो ठोकळा आता केवळ इतिहासाचा मानकरी आहे. आम्ही मुलांस वजनमापे शिकविताना त्याची गोष्ट सांगत असू.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे. पेढा खाऊन झाल्यावर वहिनींनी दुसरा प्रश्न विचारला, आणि ह्या प्रश्नास मांडवात कोणाकडेच उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, "जड हाय, महाग हाय, समदं खरं. पर उद्या मोडायला नेली तर कोण घेईल?"

मंडळी, आमच्या मते अंगठीच्या धातूविषयी विचारावयाचा हाच पहिला प्रश्न आहे, आणि तो नेमका लग्नघरात विचारला जात नाही. कारण साखरपुड्याच्या दिवशी मोडण्याची भाषा अशुभ वाटते. परंतु आपल्या ज्ञातीतील किती घरे स्त्रियांच्या अंगावरील सोन्यावर उभी राहिली हे येथे बसलेल्या मातांस ठाऊक आहे. विहीर खणली ती पाटल्या मोडून, मुलगा शिकला तो बांगड्या गहाण ठेवून. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली हे खरे, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून अडीअडचणीला तिच्या हाती येणारी एकच मालमत्ता होती, ती अंगावरची.

त्या दिवशी मुलाने दुकानात दूरध्वनी केला. उत्तर मिळाले की, अंगठी शक्यतो आमच्याच पेढीत आणावी, घडणावळ परत मिळणार नाही आणि घट धरली जाईल. गावोगावच्या सराफाकडे सोने न्या, तो तराजू पुढे ओढील. प्लॅटिनम न्या, तो बहुधा नमस्कार करील. ह्यात त्या सराफाचा दोष नाही. सोने 1064 अंश सेल्सियसला वितळते, प्लॅटिनमला 1768 अंश लागतात. साध्या भट्टीत आणि फुंकणीवर ते काम होणे नाही. म्हणूनच प्लॅटिनमची घडणावळ अधिक पडते, आणि बोट सुजले किंवा जाड झाले तर अंगठी सैल करून घेण्यासही मोठ्या शहरात जावे लागते. नव्या नवरीचे बोट पाच वर्षांत तसेच राहते असे नाही. दोन बाळंतपणांनंतर ते बदलतेच, हे पुरुषमंडळींच्या ध्यानात येत नाही.

मग प्लॅटिनम वाईट का? मुळीच नव्हे. त्याचा रंग आपलाच असतो, तो उडत नाही. घासले तर चरा पडतो, परंतु धातू सहसा झिजून जात नाही. बाजूला सरकतो, आणि काही वर्षांनी अंगठीस मंद, निस्तेज अशी कळा येते. कोणास ती आवडते, कोणास नाही. बाजारभाव पाहता 2008 च्या प्रारंभी प्लॅटिनम सोन्याच्या दुपटीहून महाग होते; 2015 पासून बहुतेक काळ ते सोन्याहून स्वस्त राहिले आहे. तेव्हा "प्लॅटिनम म्हणजे सोन्याहून श्रीमंती" ही समजूत जुनी झाली, आणि "प्लॅटिनम म्हणजे ठेव" ही समजूत तर कधीच खरी नव्हती. ज्या मुलीस स्वतःची नोकरी आहे, ज्या घरास अंगठी मोडण्याची पाळी येणार नाही असा भरवसा आहे, तेथे ती हौसेने घ्यावी. केवळ दुसऱ्याच्या साखरपुड्यात पाहिली म्हणून घेऊ नये.

आता सोन्याकडे वळतो, आणि येथे आम्हांस आमचीच एक फजिती सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

आमचा साखरपुडा 1984 साली झाला. सोने तोळ्याला दोन हजार रुपयांच्या आसपास होते, आणि आमच्या पगाराकडे पाहता ती रक्कम लहान नव्हती. आमच्या भागात मुलीच्या बोटात अंगठी घालण्याची रीत तेव्हा नुकती रुळू लागली होती. आम्ही अर्ध्या तोळ्याची साधी वेढणी घेतली. सराफाने "बावीस कॅरेट आहे, गुरुजी, तुम्हांला का फसवीन?" असे म्हटले आणि चतकोर कागदावर "अंगठी नग 1" एवढे लिहून दिले. आम्ही मुलांच्या वहीत एक अनुस्वार राहिला तर तांबडी शाई काढणारे; त्या चतकोरात शुद्धता लिहिलेली नाही, वजन लिहिलेले नाही, हे आमच्या डोळ्यांस दिसले नाही.

पंचवीस वर्षे ती अंगठी आमच्या सौभाग्यवतींच्या बोटात होती. म्हणजे असे म्हणावयाचे, इतकेच. प्रत्यक्षात कणीक मळताना ती फडताळात, धुणे धुताना फडताळात, शेतावर जाताना फडताळात. "बावीसचं सोनं मऊ असतं, झिजतं" असे त्यांस त्यांच्या आईने सांगितले होते आणि ते अक्षरशः खरे आहे. बोटात ती असे सणावारी आणि लग्नकार्यात.

2009 साली थोरल्याच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे पैसे कमी पडले. दोन बांगड्या आणि ती अंगठी मोडावयाचे ठरले. योगायोगाने आमचा एक जुना विद्यार्थी यात्रेसाठी गावी आला होता. आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल की सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी ह्या दुष्काळी भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात हिंदुस्थानभर पसरलेली आहेत. त्यांस गलाई बांधव म्हणतात. हा आमचा विद्यार्थी त्यांपैकीच, दक्षिणेत स्थायिक झालेला. वर्गात त्यास अपूर्णांक कधी जमले नाहीत. तो म्हणाला, "गुरुजी, बाजारात नेण्याआधी मी स्वतः गाळून देतो."

त्याच्या चुलत्याच्या भट्टीवर आम्ही पाटावर बसून ते काम पाहिले. अंगठी तोलली, पाच ग्रॅम भरली. तीत सोन्याच्या अदमासे तिप्पट चांदी घालून मुशीत वितळविली. त्याचा पातळ पत्रा केला, तुकडे केले आणि ते नत्राम्लात उकळले. चांदी आणि तांबे आम्लात विरघळते. सोने विरघळत नाही, ते तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसते. सोन्याचे ते रूप प्रथम पाहणाऱ्यास ती तपकीरच वाटावी. ती धुऊन, वाळवून, पुन्हा वितळविली तेव्हा पिवळा मणी हाती आला. त्याचे वजन साडेतीन ग्रॅम.

विद्यार्थी काही बोलेना. आम्हीच हिशेब केला. तो तर आमचा धंदा. शुद्ध सोने चोवीस कॅरेट. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसांत बावीस भाग सोने. पाच ग्रॅमच्या बावीस कॅरेटी अंगठीतून साडेचार ग्रॅमहून थोडे अधिक सोने निघावयास हवे होते. निघाले साडेतीन; म्हणजे सतराहूनही किंचित कमी कॅरेट. "गुरुजी, ही बावीसची नव्हती," असे तो खाली पाहून म्हणाला. आपण गुरुजींची चूक काढीत आहो ह्याची लाजच त्याच्या तोंडावर अधिक होती.

तो सराफ आज हयात नाही आणि आम्ही त्याचे नाव घेणार नाही. लबाडी त्याची की त्यास माल देणाऱ्याची, हेही आम्हांस सांगता येणार नाही. परंतु घरी गेल्यावर सौभाग्यवतींस कसे सांगावे हा आम्हांस मोठा पेच पडला. सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, आधी कळलं असतं तर पंचवीस वर्षं बोटातच ठेवली असती. उगीच काढून ठेवली मी." आम्ही त्यावर काही बोललो नाही. आजही ते वाक्य आठवले की तुटीच्या सुमारे एका ग्रॅमहून फडताळातली ती पंचवीस वर्षे आम्हांस अधिक भारी वाटतात.

त्यांचे म्हणणे शास्त्रतः बरोबर होते. सोन्यात तांबे, चांदी जसजशी अधिक मिसळावी तसतसे ते कठीण होते. म्हणून बावीस कॅरेट साध्या वळ्यास ठीक, परंतु खडा बसवावयाचा असेल तर त्याचे कोंदण मऊ पडते आणि खडा सुटण्याचे भय असते. तेथे अठरा कॅरेटच योग्य. आपल्याकडे अठरा कॅरेट म्हटले की नाक मुरडतात. त्याचे कारण आम्हांस वाटते ते असे की, 1963 च्या जानेवारीत सरकारने सुवर्णनियंत्रण आणून चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. कित्येक सुवर्णकारांचा धंदा त्या काळात बसला, आणि "चौदा कॅरेट" हा शब्द लोकांच्या तोंडी थट्टेचा झाला. ती अट 1966 साली उठली, 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदाही 1990 साली रद्द झाला. परंतु कमी कॅरेट म्हणजे कमअस्सल ही अढी घराघरांत राहून गेली. वस्तुतः कमी कॅरेट ही फसवणूक नव्हे. कमी कॅरेटचे पैसे जास्त कॅरेटच्या भावाने घेणे ही फसवणूक. अठरा कॅरेटच्या चार ग्रॅम अंगठीत तीन ग्रॅम शुद्ध सोने असते, तेव्हा सोन्याचा आकार तीन ग्रॅमचाच पडला पाहिजे. एवढे त्रैराशिक चौथीतील मुलास येते.

आज आमच्यासारखे फसण्याचे कारण उरलेले नाही, मात्र डोळे उघडे हवेत. 16 जून 2021 पासून देशातील 256 जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होण्यास आरंभ झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून दुकानदाराने सहा अक्षर-अंकांच्या ओळखक्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना विकू नये असे ठरले. अंगठीच्या आत तीन गोष्टी पाहाव्या: भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि तो सहा अक्षर-अंकी क्रमांक. आकडा 916 असेल तर बावीस कॅरेट, 750 असेल तर अठरा, 585 असेल तर चौदा. सोन्याच्या भावाने 2025 च्या एप्रिलात दहा ग्रॅमला लाख रुपयांची रेघ गाठल्यावर त्याच वर्षी जुलैत नऊ कॅरेट, म्हणजे 375, ह्यासही हॉलमार्कच्या यादीत स्थान मिळाले. तो क्रमांक ब्यूरोच्या "बीआयएस केअर" ह्या मोबाइलवरील साधनात घातला की दागिना कोणी नोंदविला, कोठे तपासला आणि शुद्धता किती हे समजते. नातवंडांस सांगा, ती क्षणात करून दाखवितात.

एक पळवाट मात्र ध्यानात ठेवा. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूस ही सक्ती लागू नाही. भाव वाढल्यामुळे पुष्कळ अंगठ्या आता दोन ग्रॅमच्या आतच येतात, आणि नेमक्या गरिबाच्या अंगठीवर चिन्ह नसते. अशा वेळी पावतीवर शुद्धता, निव्वळ वजन, घडणावळ आणि खड्याची किंमत ही निरनिराळी लिहून घ्यावीत. खड्याचे वजन सोन्यात धरू देऊ नये. खड्याचाही "कॅरेट" असतो, पण तो वजनाचा, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. सोन्याच्या कॅरेटशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. ह्या दोहोंची गल्लत करून बोलणारा विक्रेता भेटला तर खुशाल उठून यावे.

पांढऱ्या सोन्याविषयी आमचे मत अनुकूल नाही. सोन्यात पॅलॅडियम किंवा निकेल मिसळून ते फिकट करितात आणि वर रोडियम नावाच्या धातूचा मुलामा देतात. मुलामा काही वर्षांत उडतो, खालचा पिवळट रंग दिसू लागतो, पुन्हा मुलामा द्यावा लागतो. निकेलने कित्येकांच्या त्वचेस खाज सुटते. ज्यांस पांढरा रंगच हवा त्यांनी सरळ प्लॅटिनम घ्यावे. किंवा चांदी! होय, चांदी. 925 ची चांदी म्हणजे हजारांत सव्वानऊशे भाग शुद्ध. हवेतील गंधकाने ती काळवंडते, परंतु घासली की उजळते. पायातील जोडव्यांस जी चालते ती हातात येताच अपमान का व्हावा, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. प्राचीन रोमन लोक वाग्दत्त वधूस खड्यावाचून लोखंडाची अंगठी पाठवीत, असे प्लिनीने लिहून ठेविले आहे. त्यांची लग्ने त्यामुळे अडली असे दिसत नाही.

धातू ठरविण्यापूर्वी हात पाहावा. हे वाक्य आम्ही मुलाच्या बापांस विशेषकरून सांगू इच्छितो. आमच्या ह्या परिचारिका नातीचेच पाहा. ती दिवसातून वीस-तीस वेळा हात धुते, रबरी मोजे चढविते. तिच्या अंगठीवर मोठा उंच खडा असता तर मोजा फाटला असता. मुलाने अंगठी साधी, खड्यावाचूनची आणली होती, आणि पुढे कळले की त्याने तिलाच विचारून आणली होती. मांडवात एवढे रामायण झाले तेव्हा ती मुलगी हे का बोलली नाही असे आम्ही तिला विचारले. "आजोबा, मोठ्यांपुढं कसं सांगणार, की आम्ही आधी बोललो होतो?" असे ती म्हणाली. आता ज्या पिढीस आम्ही स्वतः परिचय-मेळावे भरवून बोलावयास लावतो, तिने अंगठीविषयी आपसात बोलले तर ते लपवावे असे तिला वाटावे, ह्यात दोष तिचा की आमचा, हे मंडळींनी ठरवावे. मुलगा कारखान्यात यंत्रावर काम करणारा असेल तर त्याने कामावर कोणत्याच धातूची अंगठी घालू नये. यंत्रात अंगठी अडकली की बोट जाते. ती घरी ठेवली म्हणून सासरच्यांनी वाईट मानू नये.

एक कटू गोष्ट बोलून घेतो. आपल्याकडे अलीकडे असे चालू झाले आहे की मुलाकडून जितक्या वजनाची अंगठी आली तितक्याच वजनाची, किंबहुना थोडी अधिकच, मुलीच्या बापाने जावयास घालावी. कोणी मागत नाही. "रीत आहे" असे म्हणतात. मग मुलाकडची मंडळी ऐपत असल्यामुळे सहा ग्रॅमची आणतात आणि मुलीचा बाप सहा ग्रॅमसाठी पतपेढीत अर्ज करितो. साखरपुड्यानंतर बायकांच्या घोळक्यात "किती ग्रॅमची?" ही कुजबूज आम्ही स्वतः ऐकली आहे, पुरुषांच्या घोळक्यात ती जरा मोठ्याने होते, इतकाच भेद. 1961 च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने लग्नासाठी मागणी करणे हा गुन्हा ठरविला. रीतीच्या आडून केलेली मागणी ही मागणीच आहे. वहिनींच्या घरच्या साखरपुड्यात आमच्या पुतण्याने जावयास चांदीची अंगठी घातली. त्याने ते आधीच मुलाच्या वडिलांस सांगून ठेविले होते, आणि "आमचा मुलगा काही अंगठी मोजायला येत नाही" असे त्या सद्गृहस्थांनी उत्तर दिले होते. चांदीवरून मांडवात वाद पेटला तेव्हा मुलाच्या आईने ह्या खऱ्या चांदीचा उल्लेखही केला नाही, हे आम्ही नंतर विचार करिता ध्यानात घेतले. तिचे मन मोठे, हे येथे जाहीर सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

वहिनींच्या प्रश्नास शेवटी काय उत्तर मिळाले, असे आपण विचाराल. मुलाने सरळ सांगितले, "आजी, ही मोडायला लागणार नाही असं बघीन. पण लागलीच तर थोडे पैसे कमी येतील." वहिनींस ते उत्तर पुरले की नाही हे आम्हांस ठाऊक नाही. त्यांनी आपल्या बटव्यातून एक जुनी वेढणी काढली, बावीस कॅरेटची की किती ते देव जाणे, आणि नातीच्या हातात देऊन म्हणाल्या, "ती बोटात ठेव. ही फडताळात ठेव."

ती वेढणी आम्ही अजून भिंगाखाली घेतलेली नाही, आणि घेणारही नाही. परंतु आपल्या अंगठ्यांविषयी ज्यांस कुतूहल असेल त्यांच्यासाठी आमचे भिंग आज बरोबर आहे. चहानंतर व्यासपीठाच्या डाव्या बाजूस, खिडकीपाशी, आम्ही बसलेले असू. तेथे उजेड चांगला आहे. अंगठी बोटातून निघत नसेल तर येण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने हात धुऊन यावे.